बॉनेटखालचं निर्माल्य

बाबा गेल्यापासून त्यांची गाडी आम्ही चालवली नाही. दर दसऱ्याला फक्त पुजली. यंदा ती दुरुस्त करून आईला फिरवून आणायचं ठरलं, म्हणून काल मेकॅनिकने बॉनेट उघडलं. दरवर्षीच्या हारांचा झेंडू पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत पडून कुजला होता. त्याचा काळा, बुळबुळीत चिखल झाला होता. त्याने पाणी वाहून जायची भोकं बुजली होती, पत्रा सडला होता आणि कुरतडलेल्या वायरींत एक उंदीर मरून चिकटला होता.

"सर, एवढे हार घातलेत, एकदा स्टार्टर तरी मारायचा!" नाकाला रुमाल लावत मेकॅनिक म्हणाला.

मला शिसारी आली. उंदराची थोडी, आमचीच जास्त. हार घालणं सोपं असतं. गेलेल्या माणसाच्या जागी बसून स्टिअरिंग धरायला छाती लागते. ते टाळायचं आणि वर त्याला श्रद्धा म्हणायचं!

आई नाकाशी पदर धरून जवळ आली. "मला कितीदा वाटलं, हिच्यात बसावं," ती म्हणाली. "पण तुम्ही तिचा देव करून ठेवलात. देवात कोण बसतं?"

मग तिने दार उघडलं आणि त्या कुबट वासात ती स्टिअरिंगशेजारच्या आपल्या जागेवर जाऊन बसली.