मामांना पटलेली खोली

मुंबईत उतरावं कुठे आणि तिथून कुठे कसं जावं, हे उभ्या जगात दोघांनाच कळतं असं आमच्या मामांचं ठाम मत होतं. एक ते स्वतः. दुसऱ्याचं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुधा अजून कोणी सापडला नसावा. मामा म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ. पनवेलला एका मिठाच्या व्यापाऱ्याकडे ते गुमास्ते होते आणि पेढीच्या कामासाठी त्यांची मुंबईला अधूनमधून फेरी होई. लग्न त्यांनी केलं नव्हतं, त्यामुळे सल्ला द्यायला घरात कोणी नव्हतं, आणि ती सगळी कसर ते गावावर भरून काढत. कोणी लग्नाचा बस्ता घ्यायला निघो की कोर्टाच्या तारखेला, मामांना कुठून तरी सुगावा लागे. मग ते त्याच्या ओसरीवर येऊन बसत, टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि डॉक्टरने "ताप कधीपासून आहे?" असं विचारावं त्या सुरात विचारत, "उतरणार कुठे?"

समोरच्याने भीतभीत गिरगावातल्या चुलत्याचं नाव घेतलं की मामा डोळे मिटून मान हलवत. "नातेवाइकाकडे उतरलास की तुला मुंबई दिसायची नाही. नातेवाईकच दिसतील." लॉजचं नाव घेतलं तरी सुटका नसे. त्यांच्या मते लॉजची परीक्षा उशीवरून करायची. उशीला खोबरेल तेलाचा वास आला तर आधीचा माणूस सज्जन होता, अत्तराचा आला तर पिशवी उचलून चालू लागायचं. ते स्वतः घरून उशी नेत. काखेत उशी आणि हातात छत्री घेतलेले मामा एस.टी. स्टँडवर दिसले की लोक समजत, पेढीवर मुंबईचं काही काम निघालं.

चालण्याचाही त्यांचा एक नियम होता. धक्क्यावर उतरायचं आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून चालू लागायचं. माणूस चुकत म्हणून नाही. एकदा मी धीर करून म्हटलं, "मामा, मुंबईला समुद्र दोन्ही बाजूंना आहे." ते माझ्याकडे दयेने बघत राहिले. "चौपाटीवरचं म्हणतोस? तो समुद्र नव्हे रे. ते नुसतं पाणी. जिथे मचवा लागत नाही तो कसला समुद्र?" याच नियमाने ते एकदा कंदिलाची काच आणायला क्रॉफर्ड मार्केटला निघाले आणि वडाळ्याला पोचले. काच राहिली ती राहिलीच, पण तिथली मिठागरं पाहून इतके खूश होऊन परतले की पुढे कित्येक दिवस पनवेलीत जो भेटेल त्याला, "वडाळ्याचं मीठ पाहिलंस का? जाऊन ये एकदा," असं सांगत होते.

अशा माणसाच्या हाती आपण काही जोखमीचं देऊ असं मला कधी वाटलं नव्हतं. पण आईच्या डोळ्याची वेळ आली.

आईचा एक डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेला होता. उरलेल्या डोळ्यावर तिने आम्हां भावंडांना वाढवलं, वडिलांमागे शिवणकाम करून घर चालवलं. मी पनवेलच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो त्या सुमारास त्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला. तिने कोणाला कळू दिलं नाही. एक दिवस तिने माझ्या चहात साखर म्हणून मीठ घातलं. मी तो कसाबसा प्यायलो, पण शेजारी बसलेल्या मामांनी पहिल्या घोटालाच पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "मीठ आपल्याच पेढीचं आहे. पण बयो, तुला दिसत नाही गं." आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. मुंबईला मोठ्या इस्पितळात नेऊन शस्त्रक्रिया करायची असं त्याच संध्याकाळी ठरलं. आई म्हणाली, "दादा बरोबर असेल तर येते." झालं. मामा उशी आणायला घरी गेले.

उरणला एस.टी.ने आणि मोऱ्याहून लाँचने आम्ही भाऊच्या धक्क्यावर उतरलो. शस्त्रक्रिया नीट झाली. आईला उताणी निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. तिचा हात तेवढा पांघरुणाबाहेर असे आणि कोणी जवळ आलं की तो हवेत काही तरी शोधू लागे. पुढे खाटांची टंचाई म्हणून डॉक्टर मला म्हणाले, "आता यांना बाहेर कुठे तरी ठेवा आणि पट्टी सोडायला आठवड्याने आणा. पण धक्का नको, खोकला नको, वाकणं नको. टाका हलला तर पुढचं माझ्या हातात नाही." पनवेलच्या त्या खड्ड्यांवरून तिला परत नेणं शक्यच नव्हतं. जागा मुंबईतच बघायला हवी होती.

मामा आणि मी दोन दिवस भायखळ्यापासून गिरगावापर्यंत लॉज बघत हिंडलो. स्वच्छ, हवेशीर, इस्पितळाजवळच्या खोल्या मिळत होत्या. मामा प्रत्येक खोलीत मधोमध उभे राहत, डोळे गच्च मिटून घेत आणि तसेच थांबून राहत. मॅनेजर घाबरून विचारी, "यांना चक्कर येते का?" मग मामा डोळे उघडत आणि "नको" म्हणून जिना उतरू लागत. चौथ्या की पाचव्या लॉजमधून बाहेर पडल्यावर मी भर रस्त्यात त्यांच्यावर चिडलो. "अहो, खोली बघायची तर डोळे उघडून बघा ना!"

"मी बघून काय करू?" मामा शांतपणे म्हणाले. "तिचे डोळे बांधलेले असणार. तिला खोली दिसणार नाही, ऐकू येणार. या खोलीत खालच्या पत्र्याच्या दुकानाची ठोकाठोक ऐकू येते, मघाच्या खोलीत शेजारी कोणी तरी दारू पिऊन ओरडत होता. ती दचकेल. दचकली की मान हलेल."

मग मी त्यांच्यामागे चालू लागलो.

मामांनी शेवटी पसंत केलेली खोली भाऊच्या धक्क्याजवळ, जाळी ठेवायच्या वखारीवर होती. सुकटीचा वास जिन्यापासूनच स्वागताला येई. खाली उरणकडची एक कोळीण खानावळ चालवायची. लाँचवरचे खलाशी तिच्याकडे जेवत. मामा डोळे मिटून उभे राहिले. खालून बायकांचं बोलणं वर येत होतं, मधेच कोणी हसत होतं, लांब लाँचचा भोंगा झाला. मामांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "हीच," ते म्हणाले.

आईला तिथे आणून निजवलं तेव्हा तिच्या मुठी आवळलेल्या होत्या. एवढ्यात ती कोळीण वर आली आणि खाटेशी बसून म्हणाली, "आई, काय भेव नको तुमाला. तुमी पनवेलच्या ना? आमी पन तिकरच्याच. काय लागला तर नुसती हाक मारा, मी खालीच हाय."

आईच्या मुठी सैल झाल्या. "दादा," ती म्हणाली, "आपण मुंबईतच आहोत ना?"

खोलीचा प्रश्न सुटला तशी मामांना दुसरी काळजी लागली. आणताना इस्पितळाची गाडी होती, ती परत मिळणार नव्हती; मग पट्टी सोडायला इस्पितळात न्यायचं ते धक्का न बसता कसं? दुसऱ्या दिवशी ते खानावळीतून पितळेचा एक तांब्या मागून घेऊन गेले. तो काठोकाठ भरून मांडीवर घ्यायचा आणि वाहनात बसायचं, असा त्यांचा बेत होता. टॅक्सीत पहिल्याच वळणाला निम्मा तांब्या ड्रायव्हरच्या मानेवर गेला आणि मामांना तिथेच उतरवण्यात आलं. व्हिक्टोरियात घोडा शिंकला आणि उरलेलं पाणी धोतरावर. तांब्या पुन्हा भरून ट्राममध्ये चढले तेव्हा कंडक्टरने विचारलं, "गंगा घेऊन चाललात का काका?" मामा म्हणाले, "बहीण घेऊन चाललोय. तुम्ही जरा हळू घंटा मारा." कपडे पिळून वाळत घालता घालता त्यांनी निकाल दिला, "ट्राम. मधल्या बाकावर. सगळ्यांत कमी सांडलं."

नेमका पट्टी सोडायच्या सकाळी ट्रामचा रस्ता मोर्चाने अडला. ट्रामगाड्या एकीमागे एक उभ्या राहिलेल्या. डॉक्टर दुपारी निघून जाणार, पुढे दोन दिवस येणार नाहीत. मी जिन्यात येरझारा घालू लागलो. मामांनी मात्र आईला खाली आणून खानावळीतल्या हातांच्या खुर्चीत बसवलं, मानेमागे आपली उशी लावली आणि जेवायला आलेल्या खलाशांकडे नुसतं पाहिलं. कोळीण कडाडली, "अरे, बघतांव काय? उचला ना!" चौघांनी खुर्ची अलगद उचलली. पालखीसारखी आमची वरात माझगावातून निघाली. पुढे छत्री उंच धरून मामा, "हळू रे, हळू" करत, मध्ये डोळे बांधलेली आई, मागे मी. रस्त्यातल्या एका म्हातारीने आईला हात जोडले. एका दुकानदाराने विचारलं, "कुठल्या देवीची हो?" मामा न थांबता म्हणाले, "पनवेलची." आईला हसू येत होतं आणि हसायची बंदी होती. ती ओठ दाबून बसली होती.

एका चौकात मामा सवयीने उजवीकडचा समुद्र धरून सरळ निघाले. मी ओरडलो, "मामा, इस्पितळ डावीकडे!" ते थबकले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वाद न घालता समुद्राकडे पाठ केली. "तू सांग," ते म्हणाले, "तू पुढे हो."

डॉक्टर जिन्यातच भेटले. ते परत फिरले. पट्टी सोडताना मामा आत आले नाहीत. दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डॉक्टरांनी आईच्या डोळ्यासमोर एक जाड भिंग धरलं. ती त्यातून इकडेतिकडे बघू लागली. मग म्हणाली, "या मास्तराच्या सदऱ्याचं बटण तुटलंय." मी बाहेर धावलो. मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ते मटकन बाकावर बसले.

आणखी काही दिवसांनी, डॉक्टरांनी जाऊ दिल्यावर, आम्ही दुपारच्या लाँचने निघालो. आईला तूर्त म्हणून जाड भिंगांचा चष्मा दिला होता. ती त्यातून बंदरातली जहाजं, कावळे, बायकांच्या लुगड्यांचे काठ, सगळं आधाशासारखं बघत होती. "दादा, ते कुठलं जहाज?" ती विचारी, आणि मामा काही तरी ठोकून देत. चार-पाच जहाजं झाली आणि पुढच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. इतके दिवस खाटेशी बसून काढलेले मामा बसल्या बसल्या झोपले होते. टोपी घसरून मांडीवर पडली होती आणि डोकं आईच्या खांद्यावर कललं होतं.

मी त्यांना उठवायला हात पुढे केला. आईने मानेनेच नको म्हटलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. पांढरे झालेले विरळ केस, आत गेलेले गाल, हनुवटीवरचे वाढलेले खुंट. कितीतरी वर्षांनी ती त्यांचा चेहरा इतका जवळून आणि इतका स्वच्छ बघत होती.

"दादा एवढा म्हातारा कधी झाला रे?" ती हळूच म्हणाली. "मला मेलीला दिसलंच नाही."

मग तिने मांडीवरची टोपी उचलली, पदराने पुसली आणि मोरा बंदर येईपर्यंत हातात धरून ठेवली.