चव्हाट्यावर उभी राहिलेली आत्या

माझी आत्या चव्हाट्यावर एकटी उभी राहिली, ती माझ्यामुळे.

साल ९८ असेल. किन्हवलीच्या बाजूला तिचं सासर. एका सकाळी ती शहापूरला आमच्या घरी आली. डावा हात प्लॅस्टरमध्ये. मामांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मारलं होतं, आणि ते पहिल्यांदा नव्हतं.

बाबांना म्हणाली, “दादा, उद्या चव्हाट्यावर गाव बसवायचाय, निवाड्याला. मी बोलन. तू नुसता बाजूला उबा रा. मायेरचं मानूस असलं का गाव ऐकतं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेली मीच!

मी म्हटलं, “आत्या, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? आपलीच शोभा होईल.”

खरं कारण वेगळं होतं. तिच्या शेजारच्या गावात माझं लग्न ठरत होतं.

आत्याला राग आला नाही. उलट हसली.

“चव्हाटा म्हंजे चार वाटा गो बाय. कंच्या ना कंच्या वाटेनं आपलं मानूस येतंच.”

दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. एक वाट शेताकडे, एक ओढ्याकडे, एक मसणवट्याकडे, एक एसटीच्या थांब्याकडे. लोक आले, बघून गेले. कोणी थांबलं नाही.

तिची शेजारीण मला नंतर म्हणाली, “दुपारपत्तर यष्टीच्या वाटंलाच बघत व्हती.”

त्या एसटीत आम्ही नव्हतो.

मी पुढे शब्दाचं मूळ शोधलं. आत्या बरोबर होती. चार वाटा मिळतात ती जागा, एवढंच. लाज त्यात मागाहून आली. माझ्यासारख्यांनीच आणली.

माझ्या लग्नात तिने साडी आणली, जेवली, गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२००८ मध्ये आजच्याच दिवशी आत्या गेली. फोन आला तशी मी पहिली एसटी पकडली.

त्यांच्याकडे विसाव्याला तिरडी चव्हाट्यावर टेकवतात.

टेकवली. अख्खं गाव थांबलं. मामाही हात जोडून उभे.

मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. दहा वर्षं उशिरा.

दरवर्षी लोक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितात. माझा हात धजत नाही.

आत्या, चुकले गो मी.