केदारखेड्याच्या मोसंबीचा ताण

मी केदारखेड्याच्या मळ्यात पोचलो तेव्हा कुऱ्हाड पहिल्या झाडाला टेकवून ठेवलेली होती आणि त्याच झाडाला पाठ लावून मालकीणबाई बसल्या होत्या. मालक काशिनाथराव बांधावर उभे. नवराबायकोचं बोलणं सकाळपासून बंद होतं.

"आले सरकारी बागवाले," काशिनाथराव म्हणाले. "आता ह्यांनीच सांगावं. काय साहेब, तोडायची ना बाग?"

"झाड बघू तर द्या," मी म्हणालो.

निजामाच्या राज्यात तेव्हा मी बागायत खात्यात नवा लागलो होतो. नोकरी कच्ची होती, म्हणजे साहेबांनी मनात आणलं तर उद्यापासून येऊ नको म्हणू शकत. गावोगाव फिरायचं, फळझाडं बघायची, कीड ओळखायची, नर्सरीतली कलमं लावून द्यायची, हे माझं काम.

झाडं बघून मी चाटच पडलो. रोगाचा डाग नाही, किडीचं छिद्र नाही. पानं जाड, काळपट हिरवी. प्रत्येक फांदीला नवा फुटवा. पण फळ शोधायला झाडाखाली वाकून हिंडावं लागत होतं. मी बुंध्यापासून हातभर लांब माती उकरली आणि मुठीत दाबली. दिवाळी होऊन गेली होती, तरी चिखलाचा गोळा झाला.

"पाणी कधी देता?"

"एक दिवसाआड," बाई अभिमानानं म्हणाल्या. त्यांचं नाव गंगाबाई, सारं गाव त्यांना गंगाक्का म्हणे. "मोट कधी बंद पडू दिली न्हाई, भाऊ. लेकरावानी जपून राह्यले मी ह्यांना."

"जपलं ना, मंग फळ कुठंय?" काशिनाथराव कडाडले. "गावातले लोक काय म्हणत्यात ठाव हाये का साहेब? काशिनाथानं मोसंबी न्हाई, पानमळा लावला म्हणत्यात! पारावर बसायची सोय न्हाई राह्यली मला."

बाग लावायचा हट्ट गंगाक्कांचा होता. माहेरच्या एका लग्नाला गेल्या असताना त्यांनी मोसंबीची बाग पाहिली होती आणि तिथूनच मनात घेऊन आल्या होत्या. झाडांना फळ लागायला हवं ते वय केव्हाच उलटून गेलं होतं. आता काशिनाथरावांना तिथं ऊस लावायचा होता.

दुखणं काय ते मला कळलं होतं. पण ते मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

आमचं घर जुन्या जालन्यात, गल्लीला लागून. वडील अडत दुकानात मुनीम. घराला जागा अशी नाहीच, न्हाणीमागे एक दोन हातांचा तुकडा होता. तिथं मी मोगरा लावला होता. न्हाणीचं सगळं पाणी त्याला जाई, वर मीही तांब्यानं घालायचो. मोगरा माझ्या डोक्याच्या वर गेला, पण फूल देईना. आई म्हणायची, "तुझ्या मोगऱ्याला फुलायची लाज वाटती."

एका हिवाळ्यात गावात प्लेगची साथ आली. अर्धं जालना घरं सोडून बाहेर पडलं. आम्ही आष्टीला मामाकडे गेलो. परत आलो तेव्हा मोगऱ्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. मी तिथंच फतकल मारून रडलो. मग न्हाणी सुरू झाली, पाणी जाऊ लागलं आणि थोड्याच दिवसांत त्या काड्यांवर कळ्याच कळ्या आल्या. आईनं गल्लीतल्या सगळ्या बायकांना गजरे वाटले. तेव्हापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष लागलं नाही. वडिलांनी दुकानात बसवलं, तर मी पोत्यातलं धान्य डब्यात पेरून बघायचो. शेवटी तेच म्हणाले, "ह्याला मातीतच जाऊ द्या." पुढे खात्याच्या ट्रेनिंगमध्ये कळलं की मोगऱ्याला जे झालं त्याला ताण म्हणतात.

ताण म्हणजे ठरवून पाणी तोडणं. रोज पाणी मिळणारं झाड पानं काढत सुटतं. पाणी तोडलं की वाढ थांबते, पानं पिवळी होऊन गळतात, आणि झाड सगळा जोर फांदीत साठवतं. मग पाणी दिलं की तो जोर फूल होऊन बाहेर पडतो.

मी हे समजावून सांगितलं. काशिनाथराव म्हणाले, "तसंही तोडायचीच हाये. बघू करून." गंगाक्का मात्र उठून उभ्या राहिल्या.

"लेकराचं पाणी तोडू म्हणता? तहानेनं मेली मंग?"

"मरणार नाहीत, आक्का."

"तुम्हाला लेकरं हायेत का?"

"लग्न नाही झालं अजून."

"मंग तुम्हाला काय कळतंय!"

शेवटी कबूल झाल्या, कारण समोर कुऱ्हाड होती. मोट बंद झाली.

काळी माती पाणी धरून ठेवते. तिचा ओलावा उतरायला फार दिवस लागले. पौषात पानं सुकून मलूल झाली, पिवळी पडली, खाली सडा पडू लागला. जमीन तडकू लागली, तेव्हा भेगा बुजाव्यात म्हणून मी वरवर कुळव फिरवायला लावला. नेमके त्याच आठवड्यात आमचे मोहतमीमसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे बागायत सुपरिंटेंडेंट, मुआयन्याला आले. मुआयना म्हणजे इन्स्पेक्शन. मोठा जाणकार माणूस. बांधावरूनच ओरडले, "अजी, ये बाग है का कब्रस्तान?"

"ताण दिला आहे, साहेब."

"ताण मला माहीत आहे. ही काळी माती आहे, मुळं तुटतील. आज पाणी सोडा."

साहेबांचा हुकूम, आणि माझी नोकरी कच्ची. पण अर्ध्यात पाणी दिलं तर पुन्हा पानंच येणार होती. मी म्हणालो, "साहेब, थोडं थांबू द्या. शेंड्याची पानं अजून टिकून आहेत, म्हणजे मुळं जिवंत आहेत."

ते बांधावरून खाली उतरले. खिशातून चाकू काढला, एका फांदीची साल नखाएवढी खरवडली. आत हिरवं होतं. दुसरी फांदी, तिसरी फांदी. सगळीकडे हिरवं.

"हां. इथं हिरवं आहे तोवर झाड राजी आहे. रोज असं बघायचं. भुरकं दिसलं की त्याच दिवशी पाणी. कोणी शिकवलं तुला?"

"आमच्या न्हाणीमागच्या मोगऱ्यानं, साहेब."

साहेब एकदम हसले. "उस्ताद तो अच्छा मिला!" जाता जाता विहिरीकडे बोट करून म्हणाले, "मगर वो दो कैसे हरे हैं?"

विहिरीजवळची दोन झाडं खरंच टवटवीत होती. मी चक्रावलो. गंगाक्कांनी पदर नीट केला. "विहिरीचा पाझर असंल," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या.

संक्रांत झाली आणि आम्ही पाणी सोडलं. आधी खत घालून थोडंसंच, त्याला आंबवणी म्हणतात. काही दिवसांनी जरा जास्त, ते चिंबवणी. एकदम भरपूर पाणी दिलं की झाड बिथरतं. एवढं करून मी भोकरदनकडे दौऱ्यावर गेलो.

माघातल्या एका सकाळी काशिनाथराव बैलगाडी घेऊन स्वतः माझ्या मुक्कामाच्या दारात उभे.

"साहेब, चला. जल्दी."

"काय झालं?"

"चला तर."

वाटेत हा माणूस एक अक्षर बोलला नाही. नुसती बैलं हाकत होता. माझ्या डोळ्यांसमोर वाळलेली बाग आणि पुन्हा अडत दुकान. केदारखेडा जवळ आलं. मळा अजून दिसत नव्हता, आणि वाऱ्याबरोबर वास आला. मोसंबीच्या फुलाचा. मी काशिनाथरावांकडे पाहिलं. ते मिशीत हसत होते.

"मुद्दाम बोल्लो न्हाई," ते म्हणाले. "म्हणलं तुम्हीच ऐकावं नाकानं."

मी गाडी थांबायच्या आत उडी मारली. बाग पांढरी झाली होती. फांदी दिसत नव्हती, फूलच दिसत होतं. मधमाश्यांचा एवढा आवाज की मोठ्यानं बोलावं लागत होतं. गावातल्या बायका बघायला आल्या होत्या आणि गंगाक्का त्यांना पाहुणचार केल्यासारखं एकेक झाड दाखवत फिरत होत्या. मला बघून त्या धावत आल्या आणि माझ्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

फक्त विहिरीजवळची ती दोन झाडं तशीच हिरवी. भरपूर पानं, फूल नाही.

मी त्या झाडांकडे बोट दाखवलं. आक्कांनाच हसू आवरेना.

"मीच घालत व्हते, भाऊ. धुणं धुवायला आल्ते की घागर रिकामी करायची. सगळ्यांना न्हाई जमलं, तर म्हणलं हे दोघं तरी जगावं."

"असा व्हता तर पाझर!" काशिनाथराव म्हणाले, आणि बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

दसऱ्यानंतर मोसंबी उतरली. फांद्यांना टेकू द्यावे लागले होते. गाड्या भरून जालन्याच्या बाजारात गेल्या. पानमळा म्हणणारेच पुढच्या पावसाळ्यात कलमं मागायला आले. साहेबांनी माझी नोकरी पक्की केली आणि नव्या इन्स्पेक्टरांना ती दोन बिनफळांची झाडं मुद्दाम दाखवायला लावली. शेजारी शेजारी एवढा फरक शिकवायला कुठं मिळणार!

पुढच्या साली ताणाचे दिवस आले तेव्हा गंगाक्कांनीच मला निरोप धाडला, "मला बघवत न्हाई. मी माहेरी चालले. मी गेल्यावर पाणी तोडा." दरसाल त्या जात राहिल्या आणि दरसाल बाग फुलत राहिली. ती दोन झाडंही.

मी बरीच वर्षं या खात्यात काढली. बाग फळत नसली की मी आधी माती बघत नाही. पाणी कोण घालतं ते विचारतो. त्या माणसाचा झाडावर फारच जीव असेल, तर त्याला महिनाभर कोणाकडे पाहुणा म्हणून धाडता येईल, तेही विचारून ठेवतो.