परत पाठवलेली गाडी

अगं, जरा जवळ ये. जवळ ये म्हणते खरी, पण तू तिकडे पुण्यात आणि मी इथे कारेलीबागेत. तेव्हा कागद तरी डोळ्यांजवळ धर. आणि काय गं, रविवारी फोन करतेस तो "जेवलीस का, गोळी घेतलीस का" एवढंच विचारून ठेवून देतेस? दवाखान्यातली नर्ससुद्धा दोन शब्द जास्त बोलते. पप्पांच्या मातीला आलीस, चौथ्या दिवशी गेलीस, ती गेलीसच. वर्ष होत आलं. मी का म्हणून विचारत नाही, कारण तुला जो संशय आहे तो खरा आहे.

पप्पांना आणंदकडच्या, कॅथलिक लोकांच्या त्या मातेच्या तीर्थाला जायचं होतं. गाडी तूच ठरवून दिली होतीस. मी तुला फोनवर सांगितलं, डॉक्टर नको म्हणाले. डॉक्टर काही म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं. झालं, लिहून टाकलं. आता कागद फेकू नकोस, पुढचं ऐक.

माझं माहेर नगरकडचं. वडील खेड्यातल्या शाळेत मास्तर, रविवारी चर्चमध्ये उपदेशही करायचे. आमच्या चर्चमध्ये मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, नवस तर मुळीच नाही. देव एका जागी बसत नाही, असं ते सांगायचे. ते माझ्या इतकं अंगात मुरलं, की दुसऱ्या कुणाला कुठे जावंसं वाटलं तर मला त्याची कीवच यायची. समोरच्या बेन कॅथलिक, मूळच्या आणंदकडच्याच. दरवर्षी तीर्थाला पायी जायच्या आणि तळपायाला फोड घेऊन यायच्या. मी मलम द्यायचे आणि वर टोमणाही मारायचे, "काय बेन, माता तुमच्या घरी येत नाही का?"

"आवे छे ने! पण एना घेरे पण जवुं पडे ने." येते की, पण तिच्याही घरी जायला नको का! असं म्हणून हसायच्या.

पप्पांचं दुसरं केमो झालं होतं. मी ताट वाढत होते, तेव्हा ते म्हणाले, "मला एकदा बेनबरोबर जाऊन यायचंय."

"कशाला? देव काय तिथे बसून राहिलाय?"

"तो नसेल बसला. मला बसायचंय."

मला वाटलं, थट्टा करतायत. नंतर कळलं की त्यांनी तुलाही सांगितलंय आणि शनिवारची गाडी ठरलीये. मग मी काय केलं, तर त्याच शनिवारी घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली. आपल्यात दुखणं बरं झालं की चर्चच्या पाळकांना आणि मंडळीला घरी बोलावून देवाचे आभार मानतात. बरं झाल्यावर. मी आधीच ठेवली. मनात असं, की आधी आभार मानले तर देवाला माघार घेता येणार नाही. नवसाला नाक मुरडणारी मी! हे दुसरं काय होतं, सांग.

सकाळी गाडी फाटकाशी येऊन हॉर्न वाजवायला लागली. पप्पा पांढरा शर्ट, बूट घालून खुर्चीवर तयार. मी खाली जाऊन ड्रायव्हरला म्हटलं, "भाई, साहेबनी तबियत सारी नथी, पाछा जाव." तब्येत बरी नाही, परत जा. वर येऊन त्यांना म्हटलं, तुमची गाडी काही आली नाही. हॉर्न त्यांनी ऐकला होता. बूट काढले नाहीत.

दहाला मंडळी आली. गीतं झाली, चहा-उपमा झाला. जो तो त्यांचा हात धरून म्हणत होता, "काय छान दिसताय हो! चेहऱ्यावर तेज आलंय." तेज कसलं, हाडं वर आली होती. पाळकांनी पप्पांना, देवाने काय केलं याची साक्ष द्यायला सांगितलं. ते भिंतीला धरून उभे राहिले, "प्रभू चांगला आहे," एवढं म्हणाले आणि रडू लागले. बायका म्हणाल्या, आनंदाचे अश्रू. मीही तसंच म्हणाले. दोन महिन्यांत त्यांना माती दिली.

गेल्या महिन्यात बेन तीर्थाला निघाल्या तेव्हा मी म्हटलं, मीही येते. त्यांनी उलटा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं, पण त्या पायी जायचं सोडून माझ्या गुडघ्यांसाठी बसने आल्या. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती. मातेच्या मूर्तीपुढे उभी राहून चक्क भांडायला लागली, "त्रण वरसथी आवुं छुं! तुं मा छे के कोण?" तीन वर्षं येतेय, आई आहेस की कोण तू! मी इकडेतिकडे पाहिलं, आता कोणीतरी हिला गप्प करणार. कोणी केलं नाही. एकीने पाण्याची बाटली पुढे केली. तिथे कोणी कुणाला "छान दिसताय" म्हणत नव्हतं.

बाकावर टेकल्यावर बेन पप्पांबद्दल हळूच म्हणाल्या, "भाईंनी मला विचारलं होतं, तिथे रडलं तर चालतं का? मी म्हटलं, चालतं ने. तर म्हणाले, मग मला न्या. घरी रडलो की हिला वाटतं, माझा विश्वास उणा पडला."

बरं व्हायला जायचंच नव्हतं गं त्यांना.

बेननी माझ्या हातात मेणबत्ती दिली होती. ती मला लावता आली नाही. वडिलांची आठवण आली म्हणून नव्हे. हात पुढे केला आणि ते बूट डोळ्यांपुढे आले. तशीच पिशवीत घालून परत आणली, बायबलशेजारी ठेवलीये. उन्हाने जरा वाकलीये. वडील चुकले असं मी अजूनही म्हणत नाही. देव कारेलीबागेतही आहे. पण या घरात पप्पांना रडायला जागा नव्हती, ती मी अडवून बसले होते.

मी मागितली तर देव क्षमा करील, असं मला लहानपणापासून शिकवलंय. तुझं मला काही सांगता येत नाही. म्हणून ये. भांडायला ये, त्या म्हातारीसारखी तोंडावर विचार, आई आहेस की कोण. मी गप्प करणार नाही. मग वाटलं तर दोघी मेणबत्ती घेऊन जाऊ, नाही वाटलं तर नको. या वेळी गाडी मी बोलावीन, आणि हॉर्न वाजायच्या आत चपला घालून फाटकाशी उभी राहीन. ये गं लवकर. ऊन आणखी चढायच्या आत ये.