बत्तीस उरवणारे मामा

डाव मांडणारी माणसं रगड भेटतात. मिटवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर पंक्चर काढायचा. सगळं गाव त्यांना सायकलवाले मामा म्हणे. फौजेतून परतताना लोक ट्रंका आणतात, मामांनी डार्टचा नाद आणला. दुकानाच्या भिंतीवर सुतळी घट्ट गुंडाळून केलेली तबकडी, तिच्यावर स्पोकच्या तारेने पाडलेले एक ते वीस आकड्यांचे भाग आणि कड्या, आणि स्पोकलाच टोक काढून, मागे कोंबडीची पिसं बांधून केलेले बाण. दुष्काळ सरला त्या साली मी तिथल्या शाळेवर रुजू झालो आणि या नादाला लागलो. खेळ दिसायला सोपा. पाटीवर पाचशे एक लिहायचे, लागेल तो आकडा वजा करत नेमकं शून्यावर येऊन डाव मिटवायचा. मेख एवढीच, की शेवटचा बाण बाहेरच्या बोटभर कडीत बसायला हवा. तिथे आकडा दुप्पट धरतात. मी साडेचारशे भराभर उडवायचो आणि उरलेल्यात अख्खी संध्याकाळ घालवूनही डाव मिटायचा नाही.

"बत्तीस उरवा, गुरुजी," मामा सांगत. एकदा जेवताना त्यांनी भाकरीच मोडून दाखवली. अर्धी, अर्ध्याची अर्धी, तिचीही अर्धी. "सोळाची दुप्पट मारायची. हुकून साधा सोळा लागला तर सोळा उरले, मंग आठाची दुप्पट. तीबी तशीच हुकली, तर चाराची. चुकलं तरी माणसाला घर राह्यलं पाहिजे." विषम आकडा दुपटीने मिटतच नाही, म्हणून एकोणीस उरवणाऱ्याची त्यांना मनापासून कीव येई. पाटलांचा मुलगा पंक्चर सायकल घेऊन ताटकळला, तर हातातला बाण न हलवता म्हणत, "थांबा जरा. पंक्चर उद्या बी राहील, बत्तीस न्हाई राहणार." आणि तो मुकाट्याने थांबायचा. इतका वचक मला वर्गात कधी जमला नाही.

पुढे माझी धावड्याला बदली झाली. तोवर मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "मला कडी दिसून न्हाई राह्यली," ते म्हणाले. "जायच्या आधी एक डाव मिटवा. माझ्यामागं मिटवणारा कुणी तरी झाला, एवढं कळू द्या." निघायच्या दिवशी मी बरोबर बत्तीस उरवले आणि बाण मारला. तेवढ्यात एसटी आली.

"लागला?" मामांनी विचारलं. खोटं बोललो असतो तर त्यांना कळलं नसतं.

"तारेच्या आत गेला, मामा. सोळा उरले."

"मंग घर हाय," म्हणत त्यांनी पाटीवर सोळा लिहिले आणि पाटी खिळ्याला टांगली.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तर पाटीवर सोळाच होते. पाणी विचारायच्या आधी त्यांनी मला रेषेवर उभं केलं. पहिलाच बाण आठाच्या दुपटीत बसला. मामा चाचपडत तबकडीपाशी गेले, बाणाच्या दोन्ही बाजूंच्या तारा अंगठ्याने तपासल्या. "बराबर हाय. मिटला." त्यांनी तळव्याने पाटी पुसली आणि वाकड्यातिकड्या आकड्यांत पाचशे एक लिहिलं. "हे पुढच्या खेपेला."

पुढची खेप मी लांबवत राहिलो, आणि मामा गेले. मिटवायचं त्यांनी मला शिकवलं खरं. पण त्या पाचशे एकातला एकही आकडा माझ्या हातून अजून कमी झालेला नाही.