विरजण लागलेली कढई

मलकापूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथे उकंडराव साबण करतात. बायका आपापल्या सरकीचं तेल काढून आणतात, आणि हे त्याच्या वर्षभर पुरतील अशा वड्या करून देतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी तेलाचा साबण होताना पाहायला त्यांच्या परसात जातेच.

त्यांची कढई कधी पूर्ण रिकामी होत नसे. तळाशी थोडा साबण राखायचा. त्याला ते विरजण म्हणत. यंदा खंडेनवमीला अवजारांसोबत कढईही पूजेला मांडायची म्हणून त्यांच्या बायकोने, पुष्पाबाईंनी, ती राखेने घासून लख्ख केली. खरवडलेलं सगळं नालीत! असा संताप आला मला. पण बाईचा भाव चांगला, बोलणार काय?

विरजणावाचून काय अडतंय, असं उकंडरावांना वाटलं, आणि दसरा झाल्यावर गावाचं सगळं तेल कढईत पडलं. वरून कॉस्टिक सोड्याचं पाणी. खाली जाळ. दुपार कलली तरी तेल वर आणि पाणी खाली. तेल कच्चं राहिलं तर वड्या खवट होणार, गावाचं वर्षाचं तेल मातीत जाणार.

"काऊन भिडून नाही राह्यलं हे?" उकंडराव पुन्हा पुन्हा ढवळून पाहत होते.

मी म्हटलं, "तेल-पाण्याला एकत्र आणतो तो साबणच. आधी थोडा साबण हवा."

पुष्पाबाई डोळे पुसून साबणाचे उरलेले तुकडे मागायला घरोघरी गेल्या. "चूक मायी हाय," एवढंच सांगत होत्या.

बायका आल्या. कुणी धुण्याच्या दगडावरून ओली वडी उचलून आणली, शेजारच्या बनाबाईंनी पदराच्या गाठीतून झिजलेला तुकडा सोडला. सगळा माल गेल्या साली याच कढईतून निघालेला. तो किसून आत टाकला. हळूहळू तेलाचे तवंग विरले आणि कढई पिठल्यासारखी रटरटू लागली. कातडी भाजणारं ते पाणी आणि ते बुळबुळीत तेल, दोन्ही संपून तिसरंच काही जन्माला येत होतं. मला याचं शास्त्र तोंडपाठ आहे, तरी नकळत हात जोडले गेले.

संध्याकाळी उकंडरावांनी एक गोळा गरम पाण्यात विरघळवला. पाणी नितळ. वर तेलाचा एक ठिपकाही नाही. होतं नव्हतं ते सगळं साबण झालं होतं.

पुष्पाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. उकंडराव त्यांच्याजवळ टेकले.

"तू कढई घासली नसती, त माह्या साबनाचा तुकडाबी लोकं जपून ठेवतात, हे मले कवा समजलं असतं?"