डिकीतला पखवाज

वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी आमच्या घरात दर वर्षी एक पखवाज वाजतो. पूर्वी कॅसेटवर वाजायचा, आता नातवाच्या फोनवर वाजतो. सुना हात जोडतात, माझी बायको डोळे पुसते. तो पखवाज माझ्या वडिलांचा नाही. हे मला एकट्यालाच ठाऊक आहे आणि मी गेल्यावर कोणालाच ठाऊक राहणार नाही, म्हणून लिहितो आहे.

वडिलांनी उभी हयात गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणणाऱ्या मागांच्या गोंगाटात काढली. कान तिथेच गेले. त्या खात्यात आवाज काढून कोणी बोलतच नसे. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने वाचायचे. घरीही ते माझ्याशी तसेच बोलत आणि मी त्यांच्याशी. बायकोला ते कधी जमलं नाही. ती ओरडायची आणि सगळ्या मजल्याला कळायचं, की मामंजींना चहा हवा आहे का.

गिरणी बंद पडली आणि ते माझ्याकडे मुलुंडला आले. चाळीतली भजनमंडळी सुटली. पखवाज एका भाच्याला देऊन टाकला. मागे राहिली एक कॅसेट. मंडळीतल्या कोणाचा तरी मेहुणा आखातातून टेपरेकॉर्डर घेऊन आला होता, त्याने एका एकादशीला मंडळीचं भजन, वडिलांच्या पखवाजासकट, भरून दिलेली. दुसरी प्रत नव्हती. वडील ती कधी ऐकू शकले नाहीत, पण उशाशी ठेवत.

मी विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास तिथल्या एका साहेबाची जुनी गाडी घेतली. तिच्यात साहेबाने बसवून घेतलेली साधी टेप होती, दारांत दोन लहान स्पीकर. वडिलांची छाती तोवर कापसाच्या धुळीने पार भरली होती. त्यांना डॉक्टरकडे घाटकोपरला नेत होतो, टेप चालू होती. एकदम त्यांनी दारावर तळवा टेकला.

"कायतरी वाजता रे हयसर," ते मोठ्याने म्हणाले. "हाताक लागता."

त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता फार आशा धरू नका. परतीच्या वाटेवर मी ठरवलं. दारातल्या स्पीकरने हाताला एवढं कळतं, तर डिकीत खोक्यात घालून मोठा वूफर, खर्जाचा स्पीकर, बसवला तर पखवाजाचा घुमारा पाठीला, छातीला कळेल. त्यांचा स्वतःचा हात त्यांना एकदा परत मिळेल. मी ओठ हलवून त्यांना तसं सांगितलं. ते लहान मुलासारखे हसले. तेव्हापासून रोज दारात पाऊल टाकलं की एकच प्रश्न, "झालो काय रे तुझो डबो?"

डबा सोपा नव्हता. त्या साध्या टेपला अँप्लिफायर जोडायची सोयच नव्हती. दारातल्या स्पीकरच्या वायरींतून आवाज चोरून घ्यावा लागला. अँप्लिफायरला बॅटरीतून जाड वायर नेली. इंजिन चालू केलं की आत डास गुणगुणल्यासारखा आवाज येई. वायर दुसऱ्या बाजूने फिरवली, तेव्हा तो थांबला. सोसायटीतले लोक डिकीत डोकावत. एक शेजारी म्हणाला, "काय रे, बँडवाले डिकीत बसवणारेस काय?" मला हसू येत नव्हतं. वडिलांना आता दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागत होती.

प्लायवूडचा खोका तयार झाला, तेव्हा जोडणी तपासायला मी वडिलांच्या उशाची कॅसेट खाली आणली. वूफर मागच्या सीटवर पालथा पडला होता, त्याचं चुंबक वर, पाटासारखं सपाट. स्क्रू कमी पडले. कॅसेट हरवू नये म्हणून त्या चुंबकावर ठेवली आणि हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथून जेवायला घरी. जेवून झोपलोसुद्धा.

मी कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर होतो. चुंबकाच्या पाटावर लोखंड धरून घासणं हाच माझा धंदा. मशीनजवळ जाताना मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं, चुंबक घड्याळ बिघडवतं तशी टेपही पुसतं, हे मी नव्या पोरांना दरडावून शिकवत असे.

संध्याकाळी कॅसेट लावली. खरखर. मधेच कुठे तरी पाण्याखालून आल्यासारखा एक ठोका, परत खरखर. उलटी बाजू लावली, पुढे नेली, मागे आणली. घामाने बोटं बटणांवरून घसरत होती. मग जुन्या मंडळींचे पत्ते शोधत फिरलो. एक नाहूरला सापडला, तो म्हणाला, "अरे, ती एकच होती ना, तुझ्याच बापाकडे!" टेपरेकॉर्डरवाला मेहुणा परत आखातात गेला होता. घरी आलो तर वडील खिडकीत. "झालो काय रे?"

शेवटी भांडुपच्या दुसऱ्या एका मंडळीची कॅसेट मिळवली. तोच अभंग, तसाच पखवाज. जुन्या डबीत घातली.

रविवारी सकाळी त्यांना दोघांनी धरून खाली आणलं आणि मागच्या सीटवर बसवलं, पाठ डिकीकडे. बायको त्यांच्या शेजारी, शेजारीपाजारी दारांभोवती. मी पुढे बसून टेप लावली. पहिल्या थापेला सीट हलली. वडिलांनी डोळे मिटले. मांडीवर त्यांचा डावा हात उठला, थोडा वेळ चालला आणि थांबला. त्यांनी डोळे उघडले आणि समोरच्या आरशात माझ्याकडे पाहिलं. आवाज न काढता ओठ हलवले, साचेखात्यातल्यासारखे.

"माझो न्हय. पण हात बरो असा."

आणि लगेच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आयकलंय रे! माझोच हात!"

बायको रडायला लागली. कोणी तरी टाळ्या वाजवल्या. शेजारी म्हणाला, "मुलगा असावा तर असा, यार." वडील अजून आरशातच बघत होते. मला फक्त ओठ हलवायचे होते. ‘चुकलो’, एवढंच म्हणायला. त्या गर्दीत दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं.

मी हात वर केला आणि नीट करतो आहे असं दाखवून आरसा टपाकडे फिरवला.